गाठ साधी की कर्करोगाची, हे नेमकं कशावरून ठरतं?

प्रश्न असा आहे: स्तनात किंवा मानेत गाठ लागली, सुईच्या तपासणीत ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ असं आलं, तरी डॉक्टर पुन्हा बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करायला सांगतात. मग साध्या आणि कर्करोगाच्या गाठीत फरक तरी काय, आणि तो एका तपासणीत का कळत नाही?

खरा फरक गाठीच्या कडेला असतो. गाठीतल्या पेशी हद्द ओलांडून शेजारच्या ऊतीत घुसतात का, आणि रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत शिरून दुसऱ्या अवयवात जाऊन वाढू शकतात का, एवढ्या दोन गोष्टींवर साधी की घातक हे ठरतं. त्यासाठी कडा डोळ्यांना दिसावी लागते. सुईतून येतात त्या सुट्या पेशी. त्यांच्यासोबत कडा येत नाही. म्हणून पुन्हा बायोप्सी.

आता सविस्तर. हाताला लागलेली प्रत्येक गाठ अर्बुद (ट्यूमर, म्हणजे पेशींची बेलगाम वाढ) नसते. गळवात पू असतो. सिस्ट म्हणजे द्रव किंवा घट्ट स्राव भरलेली पिशवी. त्वचेखालची, मधोमध बारीक काळा ठिपका असलेली गोल गाठ बहुतेकदा केराटिनने (त्वचेतल्या प्रथिनाने) भरलेली सिस्ट निघते. दात किडला किंवा पायाला जखम झाली की जबड्याखाली किंवा जांघेत येणारं अवधाण म्हणजे जंतूंशी लढताना सुजलेली लसिकाग्रंथी. क्षयरोगात मानेतल्या ग्रंथी सुजून एकमेकींना चिकटतात आणि त्यांचा गठ्ठाच हाताला लागतो. यांचा अर्बुदाशी संबंध नाही, पण बाहेरून सगळ्यांना नाव एकच: गाठ.

पेशींची संख्या वाढली म्हणजेही अर्बुद झालं असं नाही. संप्रेरकांचा किंवा सततच्या घर्षणाचा रेटा असेल तर पेशी वाढतात आणि रेटा थांबला की वाढही थांबते. याला हायपरप्लेसिया म्हणतात. उतारवयात प्रोस्टेट मोठी होते ती बहुतेक वेळा अशीच. ती वाढ स्वतः कर्करोगात बदलत नाही. मात्र त्याच ग्रंथीत वेगळा कर्करोग होऊ शकतो, म्हणून ‘साधी वाढ आहे’ हा निकाल कायमचा परवाना समजू नये. गर्भाशयाच्या अस्तराची वाढ मात्र वेगळी. तिच्या रिपोर्टात ‘एटिपिया’ (पेशींचं रूप बिघडलेलं) हा शब्द असेल तर ती कर्करोगाच्या उंबरठ्यावरची समजून उपचार करतात.

पुढची पायरी डिस्प्लेसियाची. पेशींची केंद्रकं मोठी आणि गडद होतात, थरांची शिस्त बिघडते, पण सगळा गोंधळ थराच्या आत असतो. गर्भाशयमुखावर हे सर्वांत नीट अभ्यासलं गेलंय. तिथे एचपीव्ही विषाणूचा संसर्ग रेंगाळला की सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्यांनी बदल होत जातात आणि त्याला सहसा वर्षं लागतात. सौम्य बदल बहुतेकदा आपोआप मागे फिरतात. या विषाणूचा संबंध दाखवून दिल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. संपूर्ण थर बिघडला तरी खालचा पायाभूत पडदा शाबूत असेल तोवर त्याला ‘इन सिटू’ (जागच्या जागी असलेला) म्हणतात. पडद्याच्या वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे या टप्प्यावर पेशींना दूर जायला वाटच नसते. म्हणून इन सिटू अवस्थेत पूर्ण काढलेला आजार जवळपास नेहमीच बरा होतो. पडदा फुटला की आजार ‘इन्व्हेजिव्ह’ (घुसखोर) झाला, आणि तिथून हिशोब पूर्ण बदलतो.

हे बिघडतं कसं? पेशीला ‘वाढ’ म्हणणारी जनुकं असतात आणि ‘थांब’ म्हणणारीही. रास हे पहिल्या प्रकारातलं. त्यात विशिष्ट बदल झाला की ते सतत चालू राहतं. पी ५३ आणि आरबी ही दुसऱ्या प्रकारातली. यांच्या बहुतेक वेळा दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) बाद व्हाव्या लागतात. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगावरून हे मांडलं. ज्या मुलाला एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळालेली असते त्याला आजार लवकर होतो आणि अनेकदा दोन्ही डोळ्यांत होतो. मोठ्यांच्या बहुतेक कर्करोगांत असे अनेक बिघाड एकामागून एक साचतात. मोठ्या आतड्यातल्या अ‍ॅडिनोमा जातीच्या पॉलिपचा (अस्तरावरच्या कोंबासारख्या वाढीचा) कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं किंवा जास्त लागतात. कोलोनोस्कोपीत पॉलिप काढून कर्करोग टाळता येतो तो या अवधीमुळेच. १ सेंटिमीटरच्या पुढचा पॉलिप जास्त धोक्याचा धरतात.

इथे एक हिशोब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १ सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने शंभर कोटी पेशी असतात. एका पेशीपासून तिथपर्यंत यायला सुमारे तीस वेळा दुप्पट व्हावं लागतं. त्यापुढे आणखी दहा वेळा दुप्पट झाली की किलोभर अर्बुद. म्हणजे ‘गाठ महिन्याभरापूर्वीच आली’ असं वाटतं तेव्हा ती हाताला लागण्याजोगी महिन्याभरापूर्वी झालेली असते. आतला बराचसा प्रवास आधीच उरकलेला असतो. शिवाय १–२ मिलिमीटरच्या पुढे वाढायला अर्बुदाला स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या लागतात. ज्यूडा फोकमन यांनी ही कल्पना १९७१ साली मांडली, आणि रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी आजची औषधं तिच्यातूनच आली.

साधं अर्बुद फुगत वाढतं. शेजारच्या ऊती बाजूला ढकलतं, त्यांच्यात शिरत नाही. म्हणून त्याच्याभोवती बऱ्याचदा तंतुमय आवरण तयार होतं आणि ते बोटाखाली सरकतं. चरबीची गाठ आणि तरुण मुलींच्या स्तनातली फायब्रोअ‍ॅडिनोमा ही नेहमीची उदाहरणं. गर्भाशयातले फायब्रॉइडही दाबत वाढतात, फक्त त्यांना खरं आवरण नसतं; दाबला गेलेला स्नायूच आवरणासारखा दिसतो. कर्करोगाची गाठ मुळ्या पसरत जाते, त्यामुळे ती खालच्या स्नायूला किंवा वरच्या त्वचेला चिकटते, आणि चिकटल्यामुळेच त्वचेला खळी पडते, स्तनाग्र आत ओढलं जातं.

पण ‘साधी’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असं धरू नका. कवटीतला मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणांचं अर्बुद) बहुतेकदा साधाच असतो, पण कवटीत जागा नसते, त्यामुळे दाबानेच जीव धोक्यात येतो. पिट्यूटरीची (मेंदूखालच्या संप्रेरक ग्रंथीची) साधी गाठ दृष्टीच्या नसेवर दाब देते किंवा भलतंच संप्रेरक सोडते. उलट, बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग खराखुरा कर्करोग असूनही दूर क्वचितच पसरतो. जागच्या जागी मात्र कान-नाक कुरतडून टाकतो. हाडातला जायंट सेल ट्यूमर, स्नायूंच्या पडद्यातला डेस्मॉइड ही मधली मंडळी: सहसा दूर जात नाहीत, पण नीट काढली नाहीत तर पुन्हा तिथेच उगवतात. स्तनातल्या फायलोड्स अर्बुदाचे साधा, सीमारेषेवरचा आणि घातक असे तीन प्रकार करतात, आणि ते पेशींची दाटी, विभाजनाचा वेग नि कडेची घुसखोरी मोजून ठरतात. एखाद्या गटाचं वर्तन नीट कळल्यावर नावही बदलावं लागतं. थायरॉइडमधल्या, आवरणात बंद असलेल्या आणि कुठेही न घुसणाऱ्या एका प्रकाराला पूर्वी पॅपिलरी कर्करोगात मोजत. २०१६ साली तज्ज्ञांनी त्याच्या नावातून कर्करोग हा शब्दच काढला, कारण तो पूर्ण काढल्यावर त्रास देत नव्हता आणि रुग्णांना मात्र विनाकारण जास्तीचे उपचार मिळत होते.

नावावरूनही फसायला होतं. शेवटी ‘ओमा’ आलं की साधं असा समज असतो: लायपोमा, अ‍ॅडिनोमा. पण मेलॅनोमा (रंगपेशींचा), लिम्फोमा (लसिकापेशींचा), सेमिनोमा (वृषणाचा), मायलोमा (अस्थिमज्जेचा) हे सगळे घातक. कार्सिनोमा म्हणजे अस्तराच्या किंवा ग्रंथींच्या पेशींतून उगवलेला, सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा ऊतींतून. कार्सिनोमा सहसा आधी जवळच्या लसिकाग्रंथींत जातो, सार्कोमा बहुतेक वेळा रक्तातून थेट फुप्फुसात. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत आणि आतड्याचा यकृतात जाण्याकडे कल असतो. यातलं काही वाहिन्यांच्या रस्त्यांवरून उलगडतं, काही त्या जागेच्या जमिनीवरून. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये बी (कर्करोगाची पेशी) आणि जमिनीची (ती रुजते तो अवयव) ही उपमा दिली आणि ती अजून टिकून आहे.

हाताने काय कळतं? थोडंच, पण उपयोगाचं. न दुखणारी, टणक, खडबडीत, न हलणारी, वाढत जाणारी गाठ दाखवायला उशीर करू नये. ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हा समज सर्वांत महाग पडतो. सुरुवातीचा कर्करोग बहुतेकदा दुखत नाही. तोंडातला व्रण किंवा आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांपुढे राहिला, गळ्याच्या हाडावरच्या खळग्यात ग्रंथी लागली, स्तनाग्रातून रक्ताळ स्राव आला, एखादा तीळ आकार-रंग बदलू लागला किंवा ६ मिलिमीटरच्या पुढे गेला, तर तपासणी हवीच. हातापायातली गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल स्नायूत किंवा झपाट्याने वाढणारी असेल तर ती चरबीचीच आहे असं गृहीत धरून काढू नये. आधी एमआरआय, मग सुईची बायोप्सी, मग शस्त्रक्रिया. हा क्रम मोडून सार्कोमा नुसता खरवडून काढला की घातक पेशी सगळ्या जखमेत पसरतात आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीच्या कितीतरी पट मोठी होते.

सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सीटी, एमआरआय यांतून संशयाची पातळी कळते. स्तनाच्या मॅमोग्राफीत बायरॅड्स या संशयाच्या श्रेणीत ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांच्या आत आणि ५ म्हणजे ९५ टक्के किंवा अधिक. रक्तातल्या ट्यूमर मार्करवर (सीए १२५, सीईए अशा, कर्करोगात वाढू शकणाऱ्या पदार्थांवर) निदान टेकवू नका. सीए १२५ एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढण्याच्या आजारात), पाळीच्या दिवसांत, पोटाच्या क्षयरोगातही वाढतं. सीईए धूम्रपान करणाऱ्यांत वाढलेलं सापडतं. निदान झाल्यावर उपचारांचा परिणाम बघायला ते उत्तम. पेट स्कॅनमध्येही जी जागा जास्त ग्लुकोज खाते ती चमकते, मग तो कर्करोग असो की क्षयरोग.

शेवटी ऊती लागतेच, आणि निम्म्याहून जास्त गोंधळ इथेच होतो. एफएनएसीत, म्हणजे वर सांगितलेल्या सुईच्या तपासणीत, २२ ते २५ गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक) सुई वापरतात. जखम नाही, निकाल लवकर. पण रचना दिसत नाही. थायरॉइडच्या नमुन्यात कमीत कमी दहा-दहा पेशींचे सहा पुंजके नसतील तर तो सहसा अपुरा धरतात; ‘अपुरा’ म्हणजे ‘काही नाही’ असं नव्हे. थायरॉइडची फॉलिक्युलर गाठ साधी की घातक हे तर कितीही पेशी मिळाल्या तरी एफएनएसीत कळत नाही, कारण दोन्हींतल्या पेशी सारख्याच दिसतात. फरक एवढाच की घातक गाठीत त्या आवरण फोडून बाहेर आलेल्या किंवा आवरणाच्या रक्तवाहिनीत शिरलेल्या असतात. त्यासाठी अख्खी गाठ काढून तिच्या आवरणाचे भरपूर तुकडे तपासावे लागतात. लिम्फोमाचा संशय असेल तर सुईवर थांबू नये, शक्य तिथे पूर्ण ग्रंथी काढावी. प्रकार ओळखायला ग्रंथीची ठेवण दिसावी लागते. तीळ संशयास्पद असेल तर वरवर खरवडू नये, १ ते ३ मिलिमीटर कडा ठेवून पूर्ण काढावा, कारण मेलॅनोमाची खोली मिलिमीटरमध्ये मोजूनच पुढचे उपचार ठरतात.

कोअर बायोप्सीत १४ ते १८ गेजच्या सुईने बारीक सळ्यांसारखे तुकडे काढतात. त्यांत ऊतीची रचना दिसते, आणि हॉर्मोन रिसेप्टरसारख्या (पेशीवर हॉर्मोन पकडणारी प्रथिनं आहेत का बघणाऱ्या) चाचण्याही होतात. ‘सुई टोचली की कर्करोग पसरतो’ ही भीती मी अगदी ठामपणे खोडेन. सुईच्या वाटेवर पेशी रुजणं फार क्वचित घडतं, आणि निदानाशिवाय उपचार करण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो. अपवाद ठरलेले आहेत: वृषणाच्या गाठीत अंडकोशातून सुई घालत नाहीत, जांघेतून वृषणच काढतात, सार्कोमात सुईची वाट पुढच्या शस्त्रक्रियेच्या रेषेतच ठेवतात, म्हणजे ती वाटही गाठीबरोबर निघते.

तुकडा काढल्यानंतरच्या पहिल्या तासाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. तो लगेच १० टक्के बफर केलेल्या फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात) जायला हवा, आणि फॉर्मलिन तुकड्याच्या किमान दहापट हवं. सलाईनमध्ये किंवा कोरड्या डबीत रात्रभर राहिलेल्या पेशी स्वतःच्याच विकरांनी विरघळतात. सूक्ष्मदर्शकाखाली फिकट, धूसर सावल्या दिसतात आणि मग कोणीही काही सांगू शकत नाही. फॉर्मलिन ऊतीत ताशी साधारण १ मिलिमीटर शिरतं आणि आत जाईल तसं आणखी मंदावतं. त्यामुळे अख्खा स्तन किंवा गर्भाशय न कापता बादलीत टाकला तर बाहेरचा भाग टिकतो आणि मधली गाठ कुजते. मोठा नमुना कडांना शाई लावून ५ ते १० मिलिमीटरच्या चकत्यांत कापायला हवा. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर (दोन्ही हॉर्मोन रिसेप्टर) आणि हर २ (वाढीचं प्रथिन) या चाचण्या भरवशाच्या हव्या असतील तर तुकडा तासाभरात फॉर्मलिनमध्ये जावा आणि ६ ते ७२ तास राहावा. हे चुकलं तर रिसेप्टर असूनही निगेटिव्ह येऊ शकतात, आणि रुग्ण अनेक वर्षं चालणाऱ्या हॉर्मोनच्या गोळ्यांना मुकतो.

बाटलीही रुंद तोंडाची हवी. मऊ तुकडा अरुंद तोंडातून आत जातो, फॉर्मलिनने कडक होतो आणि बाहेर येताना चिरडतो. लेबल झाकणावर लावू नये, झाकणं बदलली जातात. चिमट्याने दाबलेल्या लहान तुकड्यात केंद्रकं निळ्या रेघांसारखी ओढली जातात, आणि लिम्फोमा की स्मॉल सेल कार्सिनोमा हे तिथेच अडतं. क्षयरोगाची शंका असेल तर एक तुकडा सलाईनमध्ये वेगळा पाठवावा. फॉर्मलिन जंतू मारतं, मग कल्चर (जंतू वाढवून बघणं) होत नाही. फॉर्मवर जागा, बाजू, किती दिवसांपासून, आधी कोणते उपचार झाले आणि स्कॅनमध्ये काय दिसलं हे लिहिलेलं हवं. भरून येणाऱ्या फ्रॅक्चरमधलं कोवळं हाड एक्स-रे न बघता तपासलं तर ते ऑस्टिओसार्कोमासारखं (हाडाच्या कर्करोगासारखं) भासू शकतं. आणि काढलेली प्रत्येक गाठ तपासणीला गेलीच पाहिजे, ती कितीही साधी वाटो.

रिपोर्ट वाचताना ‘दिलेल्या नमुन्यात घातक पेशी आढळल्या नाहीत’ आणि ‘फायब्रोअ‍ॅडिनोमा’ या दोन निकालांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात गाठ काय आहे ते सांगितलंय. पहिल्यात फक्त त्या तुकड्यात काय नव्हतं ते सांगितलंय. सुई गाठीच्या बाजूला गेली असेल तरी हेच वाक्य येईल. म्हणून हाताची तपासणी, स्कॅन आणि बायोप्सी या तिघांचं एकमत व्हावं लागतं. बायरॅड्स ५ आणि बायोप्सी साधी असं आलं तर बायोप्सी पुन्हा करावी किंवा गाठ काढावी. वरच्या प्रश्नातल्या डॉक्टरांनी बहुधा हाच विसंवाद पाहिला असणार, आणि त्यांचं बरोबर आहे.

ग्रेड आणि स्टेज यांची गल्लत नको. ग्रेड म्हणजे पेशी मूळ ऊतीपासून किती भरकटल्या. स्तनाच्या कर्करोगात नलिकांची घडण, केंद्रकांचा बिघाड आणि विभाजनाची संख्या यांना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात. बेरीज ३–५ म्हणजे ग्रेड १, ६–७ म्हणजे २, ८–९ म्हणजे ३. स्टेज म्हणजे आजार किती पसरला: गाठीचा आकार, लसिकाग्रंथी, दूरचे अवयव. स्तनात २ सेंटिमीटरपर्यंत टी १, ५ पर्यंत टी २, त्यापुढे टी ३. दीड सेंटिमीटरची ग्रेड ३ गाठ पहिल्या स्टेजची असू शकते आणि ग्रेड १ ची गाठ चौथ्या स्टेजची. शस्त्रक्रियेच्या रिपोर्टात आणखी तीन ओळी शोधा: कडा मोकळ्या आहेत का आणि किती मिलिमीटरने, किती ग्रंथी तपासल्या आणि त्यांतल्या कितींत आजार सापडला, रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत पेशी दिसल्या का.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्टचा कागद नेऊन भागत नाही. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेले तुकडे) मागून घ्या. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतात, त्यांतून ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे नवे काप काढून हव्या त्या चाचण्या पुन्हा करता येतात. नेताना ते उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. सोबत आधीचे सगळे रिपोर्ट आणि स्कॅनच्या फिल्म द्या. हाडाच्या गाठीत तर एक्स-रे बघितल्याशिवाय दुसरं मत देऊच नये.